आरशापुढची कटिंग: परदेशात आपले केस आपणच कापायचे तर

केस कापायला बसण्याआधी कागद आणि पट्टी घ्या. मशीन, कात्री, आरसा हे सगळं नंतर.

माझ्या बाथरूममधल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दोन डोकी काढलीत, एक बाजूने आणि एक मागून. चित्रकला बेताचीच, त्यामुळे मागून काढलेलं डोकं उपड्या मडक्यासारखं दिसतं. त्या मडक्यावर आकडे आहेत: मानेजवळ ६ मिलिमीटर, कानावर १०, मागच्या उंचवट्यापाशी १३, माथ्याच्या कडेला २५, भोवऱ्यापाशी साडेपाच सेंटिमीटर आणि पुढे कपाळावर सात. पाच वर्षं मी या कागदावरून केस कापतोय. दर तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, अंघोळीच्या आधी.

ही वेळ का आली ते थोडक्यात सांगतो. मी राहतो त्या शहरात पुरुषांच्या केसांची एकच तऱ्हा दिसते. कानाच्या वर चार बोटं थेट कातडीपर्यंत साफ आणि वर गच्च, लांब, मागे वळवलेलं जंगल. मधे उतार नाही, जिना नाही, सरळ कडा. इथल्या पोरांना ती शोभते. पहिल्या महिन्यात मी दुकानात गेलो आणि मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, बाजूने बारीक, वर मध्यम. आता 'बारीक' हा शब्द बघा. माझ्या डोक्यात बारीक म्हणजे कंगव्यात धरता येतील इतके केस. त्याच्या डोक्यात बारीक म्हणजे कातडी. बाहेर पडलो तेव्हा माझे कान पातेल्याच्या कड्यांसारखे दिसत होते.

दुसऱ्यांदा फोटो घेऊन गेलो. फोटोतल्या माणसाचे केस मऊ आणि लाटदार, माझे जाड, सरळ आणि काळेभोर. त्याच्या डोक्यावर जे अलगद खाली बसलं होतं ते माझ्या डोक्यावर ब्रशसारखं उभं राहिलं. तिसऱ्यांदा माझाच जुना फोटो दाखवला. त्या माणसाने निरखून पाहिला, मान डोलावली आणि दिवसभर सगळ्यांचं जे करतो तेच माझंही केलं. त्याला दोष देत नाही. हात रोज ज्या वळणाने जातो त्याच वळणाने जाणार. पण चौथ्यांदा जायला माझा पाय उचलेना.

एक गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगून टाकतो. तुम्हाला इथली ती कातडीपासून वर चढत जाणारी तऱ्हा आवडत असेल, तर ती घरी करू नका. दुकानात जा. शून्यापासून एक, एकापासून दोन, असा धुरासारखा विरत जाणारा उतार, ज्याला सगळे 'फेड' म्हणतात, तो दुसऱ्याच्या डोक्यावर करायलाही वर्षं लागतात. स्वतःच्या डोक्यामागे, आरशात बघून तर विसराच. घरी जमतं ते साधं, मध्यम, भांग पडेल असं डोकं. नेमकं तेच बाहेर मिळत नाही, म्हणून तर हा खटाटोप.

सुरुवात कधी करायची

सगळे जण चूक इथेच करतात. केस कानावर आले, मानेवर रुळायला लागले, आरशात बघवेना, मग एका रात्री चिडून कात्री हातात घेतात. तोवर डोक्यावर आकारच उरलेला नसतो. तो तुम्हाला नव्याने घडवावा लागतो, आणि आकार घडवणं हे कारागिराचं काम आहे. आपण कारागीर नाही. आपण फार तर राखणदार.

म्हणून चांगली कटिंग झालेली असताना सुरू करा. जिच्यावर तुम्ही खूश होता अशी कटिंग कुठेही झालेली असो, तिच्या दुसऱ्याच दिवशी पट्टी घेऊन मापं काढा. टाळूवर पट्टी उभी टेकवा, त्या जागची चार केसांची बट सरळ ताणा, टोक कुठे येतं ते लिहा. सहा-सात जागा पुरतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीन आठवड्यांत सुमारे सात मिलिमीटर. तेवढेच काढायचे. आकार आधीच्याने दिलेला आहे. तुम्ही फक्त त्याच्यावर चढलेली वाढ उतरवताय. अशा कामात चूक झाली तरी ती सात मिलिमीटरची चूक असते.

डोक्यावर सध्या चांगली कटिंग नसेल तर? मग सगळ्यात लांब गार्डापासून (मशिनीच्या पात्यावर चढवायचा, केसांची लांबी ठरवणारा कंगवा) उतरत या आणि पहिल्या दोन-तीन वेळा जे होईल ते गोड मानून घ्या. मीही तसाच सुरू झालो. पहिले दोन महिने टोपीचे होते.

डोकं चाचपून बघा

आपण आपलं डोकं आयुष्यभर वागवतो आणि त्याचा आकार मात्र आपल्याला माहीत नसतो. तीन ठिकाणं सापडली पाहिजेत.

पहिलं, मागचा उंचवटा. मानेच्या खळग्यातून बोट वर सरकवा, एक हाडाचा उंबरठा लागेल. कुणाचा ठळक असतो, कुणाचा जेमतेम. त्याच्या खाली डोकं आत वळतं, म्हणून तिथे केस आखूड हवेत. त्याच्यावर ते हळूहळू लांब होत जायचे.

दुसरं, डोक्याची वळणरेषा. ही सापडली की अर्धी कटिंग जमली. कंगवा उभा धरून कानाच्या वर डोक्याला सपाट टेकवा आणि तसाच वर सरकवत न्या. एका जागी डोकं माथ्याकडे वळतं आणि कंगव्याचं वरचं टोक डोक्यापासून सुटतं. ती रेषा. तिच्या खालचे केस लोंबतात, तिच्या वरचे केस पसरतात. मशीन तिच्या खाली, कात्री तिच्या वर. ही सीमा ओलांडून मशीन माथ्यावर गेलं की वरचे केस झाकायला येत नाहीत आणि डोकं चौकोनी न दिसता टोकदार दिसायला लागतं.

तिसरा, भोवरा. माझे दोन आहेत, एकमेकांशी भांडणारे. भोवऱ्यापाशी केस सगळ्या दिशांना निघतात, आणि त्यांना खाली दाबून ठेवतो तो त्यांचा स्वतःचाच भार. आखूड केले की भार गेला आणि ते ताठ उभे राहतात. मी एकदा मापाच्या हट्टाने भोवरा चार सेंटिमीटरवर आणला. पुढचे तीन आठवडे ऑफिसात माझ्यामागे बसणाऱ्याला माझी शेंडी दिसत होती. म्हणून कागदावर भोवऱ्याच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्यात. शंका असेल तर भोवऱ्याला हातच लावू नका.

हत्यारं

विजेचं मशीन, केस कापायची कात्री, बारीक दातांचा कंगवा, दोन-तीन चिमटे, हातात धरायचा आरसा, पाणी मारायची बाटली. बस्स. पातळ करायची दातेरी कात्री नंतर घ्या. ती हातात आली की माणसाला सगळंच पातळ करावंसं वाटतं.

कात्री मात्र केसांचीच हवी, साडेपाच-सहा इंची. स्वयंपाकघरातली कात्री घेतली तर पात्यांमधून केस पुढे सटकत जातात आणि सरळ कापायला जाल तिथे तिरकी रेघ उमटते. उलट, केसांच्या कात्रीने एकदा जरी पुठ्ठा कापलात तरी तिची धार गेली समजा. घरात दुसरं कोणी असेल तर ती लपवून ठेवा. कात्री विमानातून नेणार असाल तर ती सामानात टाका, हातातल्या पिशवीत नको. बॅटरीचं मशीन उलट, हातातल्या पिशवीत.

मशिनीबद्दल दोन गोष्टी परदेशात हमखास नडतात.

एक, वीज. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या देशातून घेतलेलं आणि थेट वायरीवर चालणारं मशीन जपानच्या १०० किंवा अमेरिकेच्या १२० व्होल्टवर लावलं की ते गुरगुरतं, पण कापत नाही, केस ओढतं. उलट्या दिशेने नेलं तर जळतं. प्लगचा अॅडॉप्टर फक्त टोकांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. लोहचुंबकाच्या कंपनावर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या मशिनींना तर विजेची वारंवारताही जुळावी लागते. नाही जुळली तर पातं खडखडतं. बॅटरीचं मशीन घ्या आणि त्याच्या चार्जरवर '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलंय का ते बघा. तसं असेल तर देश कुठलाही असो, चिंता नाही.

दोन, गार्डाचे आकडे. या आकड्यांनी कित्येकांची डोकी बिघडवलीत. रूढ पद्धतीत गार्डाचा एक आकडा म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १०, चार म्हणजे १३, आणि आठ नंबर म्हणजे पूर्ण इंच, २५ मिलिमीटर. विजेच्या या मशिनीचं पेटंट अमेरिकेत लिओ वॉल यांना १९२१ साली मिळालं. तेव्हा इंचाचं राज्य असणं ओघानेच आलं. पण आता काही मशिनींवर चकती फिरवून लांबी ठरवायची सोय असते, आणि त्या चकतीवर आकडा थेट मिलिमीटरचा असतो. तिथे 'चार' म्हणजे चारच मिलिमीटर. व्हिडिओत कोणी 'चार नंबर लावा' म्हणाला आणि तुम्ही चकती चारवर नेलीत, की डोक्यावर खळं तयार. म्हणून माझ्या कागदावर नंबर नाहीत, मिलिमीटर आहेत. नवीन मशीन आणलं की आधी गार्ड पट्टीवर ठेवून मोजायचं.

बाजू आणि मागचा भाग

मशीन कोरड्या आणि स्वच्छ केसांवर चालवा. तेलकट केस गार्डात अडकतात, ओले केस चिकटून बसतात. वरचे केस वळणरेषेच्या वर उचलून चिमटे लावा. माझ्यासारखे सात सेंटिमीटरचे असतील तर चिमटे धरत नाहीत, मग पाणी मारून सरळ मागे सारा.

आता जी लांबी हवी तिच्यापेक्षा एक नंबर मोठा गार्ड लावा. कानावर मला १० हवेत, तर मी १३ ने सुरुवात करतो. मशीन केसांच्या वाढीच्या उलट, खालून वर न्यायचं, अगदी सावकाश. आणि वळणरेषेपाशी आलं की हात डोक्याच्या वळणाबरोबर आत नेऊ नका. मशीन सरळ वर हवेत सुटू द्या, धावपट्टीवरून विमान उडतं तसं. या एका हिसक्यात सगळं कसब आहे. हात आत वळला की खाच पडते; हवेत सुटला की आखूड आणि लांब केसांच्या मधला उतार आपोआप तयार होतो. मला हे कळायला सहा कटिंगा लागल्या. त्यामुळे आधी मशीन बंद ठेवून दहा वेळा नुसता हात फिरवा. वेड्यासारखं वाटेल, पण बाथरूममध्ये बघतंय कोण?

दोन्ही बाजू आणि मागचा भाग १३ ने पूर्ण झाला की १० चा गार्ड लावून कानाच्या वर दोन बोटांपर्यंत जा. मागे उंचवट्याच्या खालीच थांबा. मग ६ चा लावून मानेवर एक-दीड इंच. प्रत्येक वेळी शेवटी तोच हिसका. कान खाली दुमडून त्याच्या पाठीमागचे केस काढायला विसरू नका. तिथे राहिलेला झुपका समोरून दिसत नाही आणि बाजूने मात्र सगळ्यांना दिसतो.

दोन गार्डांच्या मधे पायरी दिसतेच. काळ्या केसांवर ती जास्त दिसते, कारण खालची टाळू उजळ आणि केस गडद. सोनेरी केसांच्या माणसाने केलेल्या व्हिडिओत पायरी कुठे दिसत नाही, याचा अर्थ ती नाही असा नाही. मशिनीच्या बाजूला जी छोटी दांडी असते ती पात्यांमधलं अंतर बदलते. आखूड गार्ड लावून दांडी उघडी ठेवली की दीड-दोन मिलिमीटर जास्त केस उरतात, म्हणजे दोन नंबरांच्या मधला अर्धा नंबर मिळतो. तो फक्त पायरीच्या रेघेवर, गार्डाच्या कोपऱ्याने, हलकेच झटकत फिरवायचा. दाबायचं नाही.

मागचा भाग डोळ्यांनी नव्हे, बोटांनी कापायचा असतो. डाव्या हाताचं तर्जनीचं बोट उंचवट्यावर आडवं ठेवा आणि मशीन बोटाला लागलं की थांबा. आरसा मधे मधे तपासायला. हातातला आरसा भिंतीवरच्या आरशाला समांतर धरलात तर उजवा हात उजवीकडेच दिसतो आणि काम चालतं. तो तिरका झाला की हात कुठे चाललाय ते कळेनासं होतं आणि माणूस गोंधळून भलतीकडेच मशीन नेतो. तपासायला मोबाइलवर फोटो काढणं त्याहून सोपं. फोटोला घाई नसते.

गार्ड नसलेल्या मशिनीची गोष्ट

दुसऱ्या वर्षी मी जरा आत्मविश्वासाने कापत होतो. मधेच गार्ड काढला, अडकलेले केस फुंकले, गार्ड बेसिनच्या काठावर ठेवला. कोणाचा तरी फोन आला. परत आलो, मशीन उचललं आणि उजव्या कानाच्या वर सरळ लावलं. आवाज वेगळा आला. गार्डासह मशीन घुमतं. गार्डाशिवाय ते करकरतं. तो आवाज कळेपर्यंत दोन बोटं रुंदीचा रस्ता तयार झाला होता, अगदी कातडीपर्यंत.

बेसिनच्या काठावर बसून मी हिशोब केला. आठवड्याला अडीच मिलिमीटर, म्हणजे १० मिलिमीटर व्हायला चार आठवडे. आणि दुसऱ्या दिवशी माझं पन्नास लोकांसमोर सादरीकरण. मग काय, दोन्ही बाजू आणि मागचं सगळं उतरवलं, खाली कातडी, वर एक नंबर, आणि माथा तसाच ठेवला. उतार वगैरे काही साधला नाही, सरळ कडा. तुम्ही ओळखलं असेलच. सोमवारी ऑफिसात ज्याने दोन वर्षांत माझ्या केसांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तो लिफ्टमध्ये म्हणाला, आज मस्त कापलेत, कुठल्या दुकानात जातोस? तिघांनी विचारलं. महिनाभर मी अस्सल इथला दिसत होतो. फक्त आरशात बघितलं की मला कोणीतरी दुसराच दिसायचा.

त्यानंतर दोन नियम केले. मशीन दर वेळी हातात घेतलं की गार्डावर अंगठा फिरवायचा, तो बसल्याची 'टक' ऐकायची, आणि पहिला फटका कपाळावर किंवा कानावर नाही, मागे खाली मारायचा. आणि केस कापताना फोन दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काही असेल तर आदल्या रात्री कापायचेच नाहीत, हा तिसरा नियम, पण तो मी दोनदा मोडलाय.

छोटी खाच पडली तर तिच्यामागे धावू नका. माणूस खाच बुजवायला शेजारचं कापतो, मग ते बुजवायला त्याच्या शेजारचं, आणि अर्ध्या तासात डोकं साफ होतं. मशीन बंद करा, चहा प्या, दुसऱ्या दिवशी बघा. निम्म्या खाचा रात्रीतून दिसेनाशा होतात, कारण त्या आपल्यालाच दिसत असतात.

माथा

वर कात्री. इथे केस किंचित ओले करा, पण ओला केस ताणला की लांबतो आणि सुकला की आखडतो, हे लक्षात ठेवून हवे त्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त सोडा. कुरळे केस असतील तर ते कोरडेच कापा. ओल्या कुरळ्या केसांवर भरवसा ठेवून कोणाचं भलं झालेलं नाही.

कपाळापासून भोवऱ्यापर्यंत मधोमध एक पट्टा वेगळा काढा. पुढची बट पहिल्या दोन बोटांत धरून सरळ वर उचला, वाढलेलं टोक बोटांच्या वर येऊ द्या आणि तेवढंच कापा. हा पट्टा म्हणजे तुमची पट्टी. त्याच्या बाजूची बट घेताना आधी कापलेल्यातले थोडे केस सोबत घ्या. त्यांच्या उंचीला नवीन केस आणायचे. असं एका बाजूला सरकत जा, मग दुसऱ्या बाजूला. वळणरेषेपाशी आल्यावर बाजूच्या आखूड केसांवर टोपी ठेवल्यासारखी कड दिसेल. २५ मिलिमीटरचा गार्ड लावून मशीन रेषेवरून हवेत सोडत दोन-तीनदा फिरवलं की ती मिटते.

कात्री बोटांना समांतर धरून एका फटक्यात कापू नका, रेघ उमटते. कात्रीचं टोक खाली करून, जवळपास उभी धरून, कुरतडल्यासारखं थोडं थोडं कापा. वेळ लागतो, पण चुका लपतात. भांग कुठे पडतो ते आधी ठरवून ठेवा आणि भांगाच्या दोन्ही बाजूंच्या बटा शेवटी एकत्र उचलून ताडून बघा.

कपाळावरचे केस सगळ्यात शेवटी, पूर्ण कोरडे झाल्यावर, खाली न ओढता. ओढून कापलेले केस हात सोडल्यावर वर उडी मारतात. मी पुढची बट थोडी मागे ओढून कापतो, म्हणजे ती बाकीच्यांपेक्षा लांब राहते. सात सेंटिमीटरचं रहस्य तेवढंच.

लांब केसांचं गणित वेगळं आहे आणि माझा अनुभव एका मैत्रिणीपुरता. तिचे केस कमरेपर्यंत आणि तिला फक्त दोन इंच टोकं काढायची होती. मधोमध भांग पाडून दोन्ही भाग खांद्यांवरून पुढे घेतले आणि छातीपाशी दोन्हीकडे एकाच उंचीवर कापले. सोडल्यावर मागून सरळ रेघ नाही, गोलाई आली. कारण साधं आहे: पाठीच्या मधल्या केसांना पुढे यायला जास्त अंतर लागतं, म्हणून ते कापल्यावर जास्त लांब उरतात. तिला गोलाई आवडली. सरळ रेघ हवी असेल तर मागून कापणारा दुसरा हात लागतोच.

मान

मानेवरची रेघ म्हणजे घरच्या कटिंगचा चहाडखोर. बाकी सगळं ठीक असलं तरी मान बघून लोक ओळखतात. इथल्या दुकानांत ती पट्टी लावल्यासारखी चौकोनी कोरतात. सुरेख दिसते, पण चार दिवस. मग तिच्याखाली खुंट उगवतात आणि रेघ अस्ताव्यस्त होते. घरी कापणाऱ्याने केसांची नैसर्गिक सीमा जिथे आहे तिथेच ठेवावी, खालचे फक्त सुटे केस काढावेत आणि कड गार्डाशिवाय न कोरता ३ मिलिमीटरच्या गार्डाने विरवून टाकावी. वाढली तरी कळत नाही.

हे स्वतः करायचं तर मान खाली घाला, मशीन उलटं धरा आणि वरून खाली छोटे फटके मारा. खरं सांगू? यासाठी मी लाज सोडली. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचं दार वाजवतो, त्याच्या हातात मशीन देतो आणि बोटाने मानेवर रेघ दाखवतो. दोन मिनिटांचं काम. बदल्यात त्याची मानही मी करतो. आम्हाला एकमेकांच्या भाषेतले जेमतेम तीस शब्द येतात आणि त्यातले पाच-सहा केसांबद्दलचे आहेत. 'बारीक' या शब्दाचा अर्थ मात्र आम्ही पहिल्याच दिवशी पट्टी ठेवून पक्का केला.

आवरासावर

केस बेसिनमध्ये धुऊन सोडू नका. भाड्याच्या घरात नाली तुंबली की घरमालक पहिला संशय केसांवर घेतो, आणि तो खरा असतो. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरा, कोरडे केस झाडूने गोळा करून कचऱ्यात टाका आणि मगच अंघोळीला जा. मानेतून उतरलेले बारीक केस टॉवेलने पुसले की टोचतात. कोरड्या मऊ ब्रशने झटकले की निघतात.

मशिनीच्या पात्यांतले केस ब्रशने काढा, पात्यावर तेलाचे दोन-तीन थेंब टाका, दहा सेकंद चालवा, पुसून ठेवा. तेल मशिनीचंच, पातळ. डोक्याला लावायचं तेल घातलंत तर ते गोठतं आणि पुढच्या वेळी पातं केस ओढतं. पातं हाताला गरम लागायला लागलं की मधेच थांबून तेल द्यायचं, कारण गरम पातं आधी कानामागे पोळतं.

मग कागदावर तारीख टाका आणि या वेळी काय वेगळं केलं ते एका ओळीत लिहा. माझ्या कागदावरची शेवटची ओळ आहे: 'डावा कल्ला उजव्यापेक्षा २ मिमी खाली. चष्म्याची दांडी वाकडी आहे, केस नाही.'